मोटारींचे डेट्रॉइट कलेचे शहर कसे झाले?

१८ जुलै २०१३ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचे देणे होते. अमेरिकेतल्या कुठल्याही शहराने तोपर्यंत एवढ्या मोठ्या रकमेसाठी हात वर केले नव्हते. रस्त्यावरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचे पेन्शन धोक्यात आले होते. त्यानंतर काही महिन्यांतच क्रिस्टीज या लिलावसंस्थेचे जाणकार शहराच्या कलासंग्रहालयातील चित्रांची किंमत ठरवत होते.

आज याच डेट्रॉइटचे नाव कलावंतांचे शहर म्हणून घेतले जाते. या लौकिकामागे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मोटार उद्योग भरात असताना जमवलेला कलासंग्रह ही एक, आणि तो उद्योग ओसरल्यावर मागे राहिलेली रिकामी घरे व कारखाने ही दुसरी. दोन्हींची किंमत मोजावी लागली ती मुख्यतः तिथल्या जुन्या रहिवाशांना.

मोटारींच्या पैशातून उभा राहिलेला संग्रह

डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स हे संग्रहालय १८८५ मध्ये स्थापन झाले. १९१९ मध्ये ते शहराच्या मालकीचे झाले आणि पुढच्या दशकात मोटारींच्या पैशावर त्याने जोरदार खरेदी केली. व्हॅन गॉगचे एक आत्मचित्र १९२२ मध्ये घेतले गेले. अमेरिकेतील सार्वजनिक संग्रहालयात आलेले ते व्हॅन गॉगचे पहिले चित्र. थोरल्या पीटर ब्रुगेलचे खेड्यातील लग्नाच्या नाचाचे चित्र १९३० मध्ये आले.

पण या संग्रहालयाची खरी ओळख आहे दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने मधल्या चौकाच्या चारही भिंतींवर रंगवलेली भित्तिचित्रे. हेन्री फोर्ड यांचे चिरंजीव एडसेल फोर्ड यांनी त्यासाठी पैसे दिले. १९३२ मध्ये रिव्हेरा पत्नी फ्रिडा काहलो हिच्यासह डेट्रॉइटला आला. त्याच वर्षी मार्चमध्ये फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यावर गेलेल्या बेरोजगारांच्या मोर्चावर गोळीबार होऊन बळी गेले होते. कट्टर डाव्या विचारांच्या या चित्रकाराने तोच कारखाना रंगवला. ओल्या गिलाव्यावर काढलेल्या २७ चित्रचौकटींत इंजिन घडवणारे वेगवेगळ्या वर्णांचे कामगार, अवाढव्य यंत्रे आणि देखरेख करणारे मुकादम आहेत. १९३३ मध्ये चित्रे खुली होताच वाद पेटला, ती पुसून टाकण्याची मागणीही झाली. फोर्ड ठाम राहिले आणि चित्रे टिकली. कारखानदाराच्या पैशाने काढलेले कामगारांचे एवढे मोठे चित्र जगात क्वचितच दुसरीकडे सापडेल.

चित्रे विकावीत की पेन्शन कापावे?

१९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या सुमारे १८.५ लाख होती. कारखाने उपनगरांत आणि इतर राज्यांत गेले, त्यांच्यामागोमाग गोऱ्या कुटुंबांनीही शहर सोडले. १९६७ च्या दंगलीत ४३ जण मारले गेले आणि हे स्थलांतर आणखी वाढले. २०१० च्या जनगणनेत अवघे ७.१४ लाख लोक उरले होते. रस्ते, जलवाहिन्या आणि पेन्शनचा भार मात्र १८ लाखांच्या शहराचाच राहिला.

दिवाळखोरीत संग्रहालयाच्या मालकीचा प्रश्न ऐरणीवर आला. शहराच्या पैशातून विकत घेतलेल्या कलाकृती संग्रहाच्या पाच टक्क्यांहूनही कमी होत्या, पण क्रिस्टीजने त्यांची किंमत ४५.४ ते ८६.७ कोटी डॉलर ठरवली. एकट्या ब्रुगेलचा अंदाज १० ते २० कोटी डॉलर होता. काही धनकोंचे म्हणणे साधे होते: कर्जदाराच्या भिंतीवर एवढी मालमत्ता टांगलेली असताना आम्ही नुकसान का सोसावे? राज्याच्या महाधिवक्त्यांनी मात्र मत दिले की, हा संग्रह लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेला आहे, तो विकता येणार नाही.

तोडगा निघाला तो ‘ग्रँड बार्गेन’ या नावाने. खासगी धर्मादाय प्रतिष्ठानांनी ३६.६ कोटी डॉलर देऊ केले. त्यात एडसेल फोर्ड यांनी स्थापन केलेल्या फोर्ड फाउंडेशनचा वाटा १२.५ कोटींचा होता. राज्य सरकारने सुमारे १९.५ कोटी एकरकमी दिले आणि संग्रहालयाने १० कोटी उभारण्याची हमी दिली. हा सारा पैसा पेन्शन निधीत जाणार होता. बदल्यात संग्रहालय शहराच्या मालकीतून कायमचे मुक्त होऊन स्वतंत्र संस्थेकडे जाणार होते.

ही गोष्ट ‘कलेने शहर वाचवले’ अशी सांगितली जाते, आणि ती अर्धीच खरी आहे. पोलीस आणि अग्निशमन दलाच्या निवृत्तांचे मूळ पेन्शन शाबूत राहिले, पण इतर निवृत्तांचे ४.५ टक्क्यांनी कापले गेले आणि त्यांची महागाईनुसार होणारी वार्षिक वाढ बंद झाली. आरोग्यविम्यावरही मोठी कुऱ्हाड पडली. पैसा आला नसता तर कपात कितीतरी मोठी झाली असती, म्हणून निवृत्तांनी मतदानात योजना मान्य केली. डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आले. एकही चित्र विकले गेले नाही.

पडक्या घरांवरचे ठिपके

डेट्रॉइटमध्ये कलावंत दिवाळखोरीनंतर आले, असे वाचायला मिळते. प्रत्यक्षात ते कधी गेलेच नव्हते. १९६० आणि ७० च्या दशकांत कॅस कॉरिडॉर या गरीब वस्तीत चित्रकार-शिल्पकारांचा गट तार, पत्रा, जुने लाकूड अशा टाकाऊ मालातून काम करत होता. १९८० मध्ये त्यांच्या कामाचे प्रदर्शन मोठ्या संग्रहालयातच भरले. ८० च्या दशकात शहराच्या कृष्णवर्णीय तरुणांनी टेक्नो संगीत जन्माला घातले, ते जगभर गेले.

सर्वांत बोलके उदाहरण टायरी गायटन यांचे. पूर्व भागातील हायडलबर्ग स्ट्रीट ही त्यांच्या बालपणाची गल्ली. १९८६ मध्ये आजोबांना सोबत घेऊन त्यांनी तिथली ओस पडलेली घरे रंगीत ठिपक्यांनी रंगवायला आणि फेकलेली खेळणी, बूट, घरगुती सामान यांनी सजवायला सुरुवात केली. पाहुणे जगभरातून येऊ लागले. नगरपालिकेला मात्र ते कचऱ्याचे ढीग वाटले. १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये शहराने त्यातला काही भाग पाडला. २०१३-१४ मध्ये अज्ञातांनी लावलेल्या डझनभर आगींत अनेक घरे खाक झाली. पर्यटन पत्रकांत आज ज्याचा अभिमानाने उल्लेख होतो, त्यावर शहराने दोनदा बुलडोझर चालवला होता, हे विसरता येत नाही.

स्वस्त घरे कोणाची होती?

२००८ च्या मंदीनंतर मोडक्या कारखान्यांच्या छायाचित्रांची लाट आली. छायाचित्रांत भग्न नाट्यगृहे असत, माणसे नसत. स्थानिक लोक त्यावर चिडत. त्याच सुमारास एका कलावंत दांपत्याने बांगलादेशी वस्तीलगतचे घर १,९०० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने लाखभर रुपयांच्या आत घेतले. त्यातून पॉवर हाउस प्रॉडक्शन्स ही संस्था उभी राहिली. तिने शेजाऱ्यांना बरोबर घेऊन काम केले. पण ‘कवडीमोलात घर मिळते’ ही बातमीच जास्त पसरली.

घरे कवडीमोल का झाली होती? वेन काउंटी थकीत मालमत्ता करापोटी घरे जप्त करून लिलावात काढत असे. दुसऱ्या फेरीत बोली ५०० डॉलरपासून सुरू होई. २०११ ते २०१५ या काळात शहरातील दर चार मालमत्तांपैकी एकीवर अशी जप्ती आली. पुढे २०२० मध्ये ‘डेट्रॉइट न्यूज’ने दाखवून दिले की, २०१० ते २०१६ दरम्यान घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जादा कर आकारला गेला होता, कारण घरांच्या किमती कोसळूनही कराचे मूल्यांकन खाली आणले गेले नव्हते. तेव्हा कलावंतांना मिळालेली स्वस्त जागा ही निव्वळ सोडून दिलेली जागा नव्हती. काही घरे अवाजवी कराखाली लोकांच्या हातून गेली होती.

नाव झाल्यावर

डिसेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने डेट्रॉइटला ‘सिटी ऑफ डिझाइन’ हा दर्जा दिला. हा मान मिळवणारे ते अमेरिकेतील पहिलेच शहर. क्रेस्गी फाउंडेशन २००९ पासून स्थानिक कलावंतांना पाठ्यवृत्ती देत आहे, सुरुवातीला प्रत्येकी २५,००० डॉलरची. ईस्टर्न मार्केट या भाजीबाजाराच्या भिंती २०१५ पासूनच्या उत्सवात रंगल्या. गंमत म्हणजे त्याच वर्षी इमारतमालकाच्या निमंत्रणावरून आलेला प्रसिद्ध चित्रकार शेपर्ड फेअरी शहरात इतरत्रही चित्रे चिकटवल्याच्या आरोपावरून पकडला गेला. खटला पुढे रद्द झाला.

जागेचे भाव चढू लागले तशी अडचणही दिसू लागली. ब्रुकलिनमधील गॅलापागोस आर्ट स्पेस ही संस्था न्यू यॉर्क परवडत नाही म्हणून डेट्रॉइटला येत असल्याचे गाजावाजा करत जाहीर झाले. तिथे सुमारे ५ लाख डॉलरला घेतलेली एक इमारत दोन-तीन वर्षांत ६२.५ लाखांना विक्रीस निघाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये रसेल इंडस्ट्रियल सेंटर या जुन्या कारखान्यात स्टुडिओ थाटलेल्या कलावंतांना शहराने बांधकाम नियमांच्या कारणावरून बाहेर पडण्यास सांगितले. काही काळाने परवानगी मिळाली, पण सगळे परतले नाहीत.

मे २०२४ मध्ये पूर्व भागात एका जुन्या कॅथलिक चर्चमध्ये द शेफर्ड हे कलाकेंद्र सुरू झाले. त्याच्या आवारात डेट्रॉइटचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय कलावंत चार्ल्स मॅगी यांच्या शिल्पांचे उद्यान आहे. त्याच महिन्यात जनगणना विभागाचा अंदाज आला: १९५७ नंतर प्रथमच शहराची लोकसंख्या वाढली होती, दोन हजारांहून थोड्या कमी माणसांनी.