एपिक्यूरसची बाग

इसवी सनापूर्वी 306 च्या सुमारास अथेन्समध्ये एक बाग विकत घेऊन एपिक्यूरसाने तीत जी पाठशाळा मांडली, तिच्यावर विलासाचा आळ आला खरा. परंतु सुख हेच परम श्रेय मानणारा हा गृहस्थ साधी भाकरी आणि पाणी यांवर संतुष्ट असे, आणि हवी तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून चीजचे एक लहानसे मडके पाठवा, असे पत्र मित्राला धाडी. स्त्रिया व गुलाम यांना तेथे मज्जाव नव्हता; टीकाकारांना बहुधा हेच अधिक झोंबले असावे. मूतखड्याच्या यातनांनी वारलेल्या या तत्त्वज्ञाचे मृत्युपत्र एखाद्या दक्ष कारभाऱ्यास शोभेल असे आहे: बागेची वहिवाट शिष्य हर्मार्कसाकडे, दरमहा विसाव्या तिथीच्या स्नेहमेळाव्याची तजवीज मिळकतीच्या उत्पन्नातून, माइस नामक गुलामास मुक्ती, आणि दिवंगत मित्र मेट्रोडोरसाच्या कन्येच्या लग्नाचीही तरतूद.