भाज्य, भक्त आणि उतारा

शाळेच्या गणितातले 'भाज्य' आणि शेअरबाजारातला 'लाभांश' या दोहोंना इंग्रजीत शब्द एकच: डिव्हिडंड. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'जे वाटायचे आहे ते'. म्हणजे शब्दाला शब्द लावायचा तर 'भाज्य'च नेमका. तरी मराठीने नफ्यासाठी 'लाभांश' घेतला. भाज्य आधीच अंकगणितात गुंतले होते, म्हणून असावे.

त्या भाज्यामागचा भज् धातू मात्र सोडवत नाही. भज् म्हणजे वाटणे, वाट्याला येणे. त्यातून भाग, विभाग, भाग्य. फारसी 'दार' जोडला की भागीदार. 'भक्त' हाही मुळात वाटून दिलेला, मग वाट्याला आलेले अन्न. प्राकृतात त्याचे 'भत्त' झाले, मराठीत 'भात'. नोकरदाराचा 'भत्ता' त्याच घरचा दिसतो. आषाढीला पंढरपुरात पंगतीला बसलेला भक्त आणि त्याच्या पत्रावळीवरचा भात सख्खे भाऊ ठरतात, आणि शेजारून वाहणाऱ्या चंद्रभागेच्या नावातही 'भाग' आहेच. वेदात भग आणि अंश हे दोघेही आदित्य, दोघेही वाटप करणारे; लाभांशातला अंश तिथे चक्क देव आहे. इराणी शाखेत हाच धातू 'बख्श्' होऊन आलेला दिसतो. आपले बक्षीस तिकडचे. 'हिस्सा' मात्र अरबी. वाट्याचा अन्नाशी असलेला संबंध तसा लवकर सुटलेला नाही: डच ईस्ट इंडिया कंपनीने 1610 मध्ये लाभांश वाटला तेव्हा भागधारकांच्या हाती जायपत्री पडली होती.

लाभांशाचा टक्का समजायला आणखी एक शब्द लागतो: 'दर्शनी किंमत'. हा शब्द हुंडीच्या व्यवहारातून आला असावा. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी. शेअरवर पूर्वी छापलेली असे ती किंमत दर्शनी, आणि लाभांश टक्क्यांत सांगितला जातो तेव्हा तो टक्का तिच्यावर. दर्शनी किंमत 10 रुपये असेल तर '100 टक्के लाभांश' म्हणजे शेअरमागे 10 रुपये. तोच शेअर बाजारात 500 रुपयांना घेतला असेल, तर पदरात पडतात 2 टक्के. पंढरपूर परिसरात अनेक घरांतला पहिला शेअर सहकारी साखर कारखान्याचा. तो बाजारात विकला जात नाही, दर्शनी किमतीवरच राहतो, आणि 1960 च्या सहकार कायद्याने त्याच्या लाभांशाला 15 टक्क्यांची मर्यादा आहे. तिथे जाहीर झालेला टक्का आणि हाती आलेला टक्का एकच. ती सवय घेऊन शेअरबाजारात गेलेला माणूस '100 टक्के' ऐकून हरखतो, यात नवल नाही.

हाती आलेल्या या टक्क्याला म्हणावे काय? एक जुना शब्द आहे: नाशिकच्या लेण्यांत उषवदात नावाच्या दात्याचा इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्याने 3000 कार्षापण (नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले: 2000 वर दरमहा शेकडा 1, 1000 वर पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त 'वढि' भोगायची. वढि म्हणजे वृद्धि, आपली वाढ. सुंदर शब्द, पण आज 'वाढ' म्हटले की शेअरचा भावच डोळ्यांपुढे येतो. 'परतावा' म्हणावे तर त्यात भाववाढही मिसळते. 'उत्पन्न' फार ढोबळ.

माझा कौल 'उतारा'ला आहे. उत् आणि तॄ, पार होणे, त्यातून उतरणे. विषावरचा उतारा, सातबाराचा उतारा, वारकऱ्यांचा मठातला उतारा, एकरी उतारा आणि साखर उतारा, सगळे त्यातलेच. 100 किलो ऊस गाळून 10-11 किलो साखर निघाली तर तो 10-11 टक्के उतारा, हे साखर कारखान्यांच्या भागात कुणालाही सांगावे लागत नाही. 'लाभांश उतारा' म्हटले की भागायचे कशाने, हा प्रश्नच उरत नाही: गुंतवलेल्या शंभरामागे किती उतरले?

मात्र उसाची जात कुणी एका हंगामाच्या उताऱ्यावर पारखत नाही, तसेच इथेही. वरच्या शेअरचा भाव 500 वरून 250 वर आला तर नव्याने घेणाऱ्याला उतारा 4 टक्के दिसेल, आणि कंपनीने पैसाही जास्त दिलेला नसेल. 10 रुपयांच्या शेअरचे 2 रुपयांचे पाच शेअर केले, तर प्रत्येकावर 2 रुपये देऊनही टक्का 100 च राहतो. म्हणून मागच्या आठ-दहा वर्षांत दर वर्षी शेअरमागे किती रुपये आले ते आधी मांडावे, विभाजन आणि बोनस शेअरचा हिशेब जुळवून. एखाद्या वर्षीचा विशेष लाभांश बाजूला काढावा, आणि मगच वार्षिक सरासरीला आजच्या भावाने भागावे.