वादळापूर्वी पारखावे गॅरेजचे दार

चक्रीवादळाची सूचना आली, की कोकणातील घरमालकाची नजर प्रथम छपराकडे जाते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या 'निसर्ग' वादळाने कौले आणि पत्रे कसे उडवले, हे श्रीवर्धन-दिवेआगरच्या रहिवाशांना वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही वादळात छपराचीच चिंता असते. मात्र तेथील घरांत छपराचे भवितव्य पुष्कळदा गॅरेजच्या दाराशी ठरते. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा, म्हणजे 'हरिकेन'चा, मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. दाराची तपासणी त्याआधीच उरकणे हिताचे असते.

सर्वांत मोठे, म्हणून सर्वांत दुबळे

दोन मोटारींच्या गॅरेजचे दार साधारणपणे सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच असते. घराच्या भिंतींत याहून मोठी मोकळी जागा सहसा नसते आणि ती झाकणारे दार बहुधा पातळ पत्र्याच्या आडव्या पट्ट्या जोडून केलेले असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १८० किलोमीटर वेगाचा वारा अशा दारावर ढोबळमानाने दीड टनाचा भार टाकतो. या भाराने दार मध्यभागी वाकते, कडेची चाके रुळांतून निसटतात आणि दार आत कोसळते. वाऱ्याची दिशा बदलली, की हेच दार बाहेरच्या बाजूला ओढले जाते. म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सोसण्याची क्षमता त्याच्यात असावी लागते.

दार गेल्यावर खरे संकट सुरू होते. आत घुसलेला वारा छपराला खालून वर ढकलतो आणि छपरावरून वाहणारा वारा त्याला वर ओढत असतो. या दुहेरी जोराने छप्पर भिंतींपासून सुटू शकते. साउथ कॅरोलिनातील एका प्रयोगशाळेत २०१० मध्ये दोन घरे शेजारी-शेजारी उभारून त्यांच्यावर प्रचंड पंख्यांनी वारा सोडण्यात आला. साध्या बांधणीच्या घराचे पुढचे दार उघडले गेले आणि थोड्याच वेळात ते घर जमीनदोस्त झाले. मजबूत बांधणीचे घर मात्र टिकून राहिले. 'आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवावी' हा समज त्यामुळेच घातक आहे.

'अँड्र्यू'चा धडा

२४ ऑगस्ट १९९२ रोजी 'अँड्र्यू' वादळाने मायामीच्या दक्षिणेकडील वस्त्या उद्ध्वस्त केल्या. नुकसानीची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना गॅरेजची दारे कोसळल्याचे वारंवार आढळले. त्यानंतर दक्षिण फ्लोरिडातील बांधकामाचे नियम कडक झाले आणि १ मार्च २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंट्यांतील निकष विशेष कठोर आहेत. तेथील चाचणीत सुमारे चार किलो वजनाचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने दारावर आदळवला जातो आणि त्यानंतर दाराला दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा दाब दिला जातो.

तपासणी कशी करावी?

प्रथम दाराच्या आतील बाजूस उत्पादकाची चिठ्ठी आहे का, ते पाहावे. वादळासाठी प्रमाणित दारावर ते आत-बाहेर किती दाब सोसू शकते याचे आकडे असतात. आपल्या भागासाठी आवश्यक असलेला आकडा काउंटीच्या बांधकाम विभागाकडून समजतो. चिठ्ठी नसेल आणि घर २००२ पूर्वीचे असेल, तर दार कच्चे आहे असे धरून चालणे शहाणपणाचे.

यानंतर रूळ, चाके आणि बिजागऱ्या पाहाव्यात. रूळ चौकटीला जेथे जोडले आहेत, तेथील स्क्रू सैल झालेले किंवा गंजलेले नाहीत ना, चौकटीचे लाकूड कुजलेले नाही ना, याची खात्री करावी. खाऱ्या हवेच्या गावात गंज लवकर चढतो, हे कोकणवासीयांना ठाऊक आहेच. दाराचा समतोल पाहण्यासाठी ते बंद असताना विजेच्या यंत्रणेपासून सोडवावे आणि हाताने अर्ध्या उंचीपर्यंत सावकाश उचलावे. दार तेथेच स्थिर राहिले, तर स्प्रिंग ठीक आहेत. ते खाली घसरू किंवा आपोआप वर जाऊ लागले, तर कारागीर बोलवावा. या स्प्रिंगांत मोठा ताण साठलेला असतो आणि त्या घरच्या घरी सोडवू पाहणाऱ्यांना गंभीर इजा झालेल्या आहेत. हा मोह टाळावाच.

मजबुतीचे मार्ग

प्रमाणित नवे दार बसवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय. मात्र रूळ आणि चौकटीची जोडणीही त्याच तोडीची हवी, अन्यथा भक्कम दार कच्च्या चौकटीसह उखडते. नवे दार बसवण्यासाठी स्थानिक परवानगीही घ्यावी लागते. हा खर्च झेपत नसेल, तर जुन्या दाराला आतून आडवे टेकू जोडता येतात. त्यांनी दाराचे वजन वाढते. म्हणून स्प्रिंगही त्या वजनाला जुळवून घ्याव्या लागतात. तिसरा उपाय सुट्या उभ्या खांबांचा आहे. हे खांब वादळापूर्वी खाली फरशीत व वर तुळईला अडकवले जातात. त्यासाठीची भोके आणि खुंट्या मोसमाआधीच तयार हव्यात. वादळ दाराशी आल्यावर काँक्रीट पोखरत बसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच.

प्रमाणित दारे-खिडक्या असलेल्या घराची नोंद तपासनीसाकडून करून घेतल्यास फ्लोरिडात विम्याच्या हप्त्यात सवलत मिळू शकते.

इशारा मिळाल्यावर

वादळी वारे अपेक्षित असण्याच्या सुमारे ४८ तास आधी पूर्वसूचना आणि ३६ तास आधी इशारा दिला जातो. खांब लावल्यावर दार उघडता येत नाही. त्यामुळे घर सोडायचे असेल, तर मोटार आधी बाहेर काढावी आणि बाहेर पडण्यासाठी दुसरे दार मोकळे ठेवावे. दार हाताने कुलूपबंद करून विजेच्या यंत्रणेची जोडणी काढावी. कुलूप लावलेले असताना चुकून कळ दाबली गेली, तर दार वाकते. वीज गेल्यास लाल दोरी ओढून दार हाताने उघडता येते. मात्र दार वर असताना ती ओढू नये, कारण स्प्रिंग तुटलेली असल्यास दार एकदम खाली येऊ शकते.

पाण्याचा न्याय मात्र वेगळा आहे. वारा बाहेर ठेवायचा असतो, पण पूरप्रवण भागातील काही गॅरेजांच्या भिंतींना पाणी आत-बाहेर जाण्यासाठी मुद्दाम झरोके ठेवलेले असतात. ते बुजवले, तर पाण्याच्या दाबाने भिंतच ढासळू शकते. विजेवर चालणारी मोटार असल्यास ती उंच जागी हलवावी. २०२२ मधील 'इयन' वादळात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या अशा काही मोटारींनी नंतर पेट घेतला होता.

वादळ सरल्यानंतरही एक धोका उरतो. वीज नाही म्हणून गॅरेजमध्ये जनित्र सुरू केले जाते आणि त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू घरात पसरतो. दार सताड उघडे असले तरी हा धोका टळत नाही. जनित्र घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूरच चालवावे. गॅरेजचे दार एरवी मोटारीसाठी असते. वादळाच्या रात्री मात्र डोक्यावरचे छप्पर त्याच्या भरवशावर असते, याचे भान मोसमाआधीच ठेवलेले बरे.