डॉल्फिन वाचवायला परदेशात जायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

मोबाइलवर हल्ली अशा जाहिराती वारंवार दिसतात : परदेशात जा, समुद्रात डॉल्फिन आणि कासवांसोबत काम करा, प्रमाणपत्र मिळवा. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींना त्याचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. पण घरच्यांकडे पैसे मागण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी हे काम नेमकं काय असतं, ते समजून घ्यायला हवं.

ही नोकरी नाही

अशा बहुतेक उपक्रमांत पगार मिळत नाही, उलट स्वयंसेवकालाच फी भरावी लागते. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विमा यांचा खर्च बहुतेक वेळा वेगळा असतो. फी घेतली म्हणजे संस्था खोटी, असंही नाही. इटलीची टेथिस रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था १९८६ पासून भूमध्य समुद्रातल्या व्हेल आणि डॉल्फिनचा अभ्यास करते. फी भरून येणारे सर्वसामान्य लोक तिच्या बोटीवर राहतात, नोंदी ठेवायला मदत करतात आणि त्यांच्या पैशातून संशोधनाचा खर्च भागतो.

काम मात्र जाहिरातीतल्या फोटोसारखं नसतं. तासन् तास उन्हात समुद्राकडे बघणं, डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराचे फोटो काढणं, वेळ आणि जागा लिहून ठेवणं, संध्याकाळी ती माहिती कॉम्प्युटरवर भरणं, असा दिवस जातो. पराच्या कडेवरच्या खुणांवरून प्रत्येक डॉल्फिन वेगळा ओळखता येतो, म्हणून हे फोटो महत्त्वाचे असतात.

पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

- फीमध्ये राहणं, जेवण, विमा यांपैकी काय काय येतं, ते लेखी मागा.
- पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करायलाही अनेक देशांत परवानगी नसते. त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा.
- संस्थेने केलेलं संशोधन कुठे छापून आलं आहे, ते विचारा.
- डॉल्फिनला हात लावायला, त्याच्यासोबत पोहायला किंवा त्याला खाऊ घालायला मिळेल असं कोणी सांगत असेल, तर सावध व्हा. तो संवर्धनाचा नाही, करमणुकीचा धंदा असण्याची शक्यता जास्त. भारतात डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या तलावांना परवानगी द्यायची नाही, असं केंद्र सरकारने मे २०१३ मध्येच राज्यांना कळवलं आहे.
- ‘नोकरी लावतो’ म्हणून एजंट पैसे मागत असेल, तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते बघा.

हेच काम आपल्या किनाऱ्यावर

मुंबईच्या समुद्रात डॉल्फिन आहेत. इथे प्रामुख्याने दिसतो तो पाठीवर कुबड असलेला हंपबॅक डॉल्फिन. तो किनाऱ्याजवळच राहतो, म्हणून जाळी, बोटी आणि सांडपाणी यांचा फटका त्यालाच जास्त बसतो. जागतिक यादीत त्याची जात संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी शेजाऱ्याला सोबत घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो लोक जोडले गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. मार्च २०१८ मध्ये याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली.

‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर नेऊन समुद्री जिवांची ओळख आणि नोंद करतो. मुलुंड, घाटकोपरच्या मुलांना ठाण्याची खाडी जवळ आहे. खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीत वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे.

याच क्षेत्रात पुढे नोकरी करायची असेल, तर अंधेरीत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत मत्स्यविज्ञानाचं पदव्युत्तर आणि पीएचडीचं शिक्षण मिळतं.

डॉल्फिन किनाऱ्यावर आला तर

न्यूझीलंडची ‘प्रोजेक्ट जोना’ ही संस्था किनाऱ्यावर अडकलेल्या व्हेल-डॉल्फिनला कसं सांभाळायचं, याचं प्रशिक्षण सामान्य लोकांना देते. त्यातल्या मूळ गोष्टी इथल्या प्रत्येकाला माहीत हव्यात.

१. आधी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.
२. गर्दी आणि कुत्र्यांना लांब ठेवा. सेल्फी काढू देऊ नका.
३. अंगावर ओलं फडकं टाका, पाणी शिंपडत राहा, सावली करा.
४. डोक्यावरचं भोक म्हणजे त्याचं नाक. ते झाकू नका, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका.
५. शेपटी किंवा पर धरून ओढू नका. शेपटीजवळ उभे राहू नका, फटका जोराचा बसतो.
६. घाईने पाण्यात ढकलू नका. तो आजारी किंवा जखमी असू शकतो. माणसं येईपर्यंत थांबा.

मेलेला डॉल्फिन दिसला तरी कळवा. तो कशाने मेला, हे तपासणीतूनच समजतं.

जाळ्यात अडकला तर

डॉल्फिन मासा नाही. त्याला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळ्यात पाण्याखाली अडकला की तो गुदमरून मरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला मारणं किंवा पकडणं गुन्हा आहे.

पण जाळं कापलं की नुकसान मच्छीमाराचं होतं. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला : संरक्षित समुद्री प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून प्राणी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा आणि अर्जाबाबत मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात किंवा कांदळवन कक्षाकडे विचारा.

परदेशात जाऊ नये, असं नाही. पण वर्षभर इथल्या किनाऱ्यावर काम केलेल्या मुलाला तिथे काय शिकायचं हे कळतं आणि कोण फसवतंय हेही ओळखता येतं. शिवाय अडकलेला डॉल्फिन सर्वात आधी बोटीवरच्या कोळी बांधवालाच दिसतो. त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये १९२६ हा नंबर असेल, तर तो प्राणी वाचण्याची शक्यता नक्कीच वाढते.