बाबा जागे असताना

साल 1979. डिसेंबरातली रात्र. साडेअकरा वाजायला आलेत आणि तुम्ही मुंबईत लालबागच्या एका कापड गिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांच्या खात्यात उभे आहात. आधी कान सांभाळा. शेकडो साचे एकदम धडधडतात तेव्हा शेजारच्याशी बोलायचं तर त्याचे ओठ वाचावे लागतात. बाहेर थंडी पडली असेल, इथे बनियन अंगाला चिकटलीय. सूत कोरडं पडलं की तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम ओल धरून ठेवतात.

चार साच्यांच्या मधल्या बोळातून फेऱ्या मारतोय तो माणूस बघा. रत्नागिरीकडचा. भुवयांवर कापूस बसलाय, त्यामुळे पस्तिशीतच म्हातारा दिसतो. तीन पोरांचा बाप. पण पोरांना तो ठाऊक आहे तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला. दिवसभर आई दटावत असते, “हळू बोला, बाबा झोपलेत.” तुम्ही नशीबवान. तुम्हाला तो जागा बघायला मिळतोय.

एका धोट्यातली कांडी संपली. त्याने साचा थांबवला, नवी कांडी बसवली, धोट्याच्या भोकाला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. सुताचं टोक ओठांत आलं. पुन्हा खटका, साचा सुरू. त्या श्वासाबरोबर रुईची धूळही छातीत गेली, पण ते तो मोजत नाही. साचेखात्यात पैसा बरा मिळतो. एके काळी याच उष्ट्या सुताची सबब सांगून अस्पृश्य कामगारांना हे खातं बंद ठेवलं होतं. 1928-29 च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी त्यावर बोट ठेवलं. पैसा जिथे जास्त, तिथलीच दारं बंद होती.

भोंगा झाला. बारा वाजले. त्याच्या मागोमाग चाला.

चाळीतली दहा बाय बाराची खोली. तिघं पोरं ओळीने आडवी पडलीत, त्यांच्यापलीकडे त्यांची आई. आज दोन वेळा मिळून वीस माणसांचं जेवण तिने रांधलंय. गिरणगावात हजारो गडी बायकामुलं गावी ठेवून राहतात, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपतात आणि अशाच खानावळींवर जेवतात. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत या बायका पिचून जायच्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. हिनेही ते घेतलंय. तो झाकलेली भाकरी आणि सुकटीचं कालवण खातो, ताट स्वतः धुऊन पालथं घालतो.

पहाटे चारला नळ येतो. तुमचा डोळा लागला असेल, त्याचा लागलेला नाही. दोन्ही हातांत कळश्या घेऊन तो जिना चढतोय, उतरतोय. रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. एक जण विचारतेच, “काय हो, बायको आजारी आहे की काय?”

“नाही हो,” तो कळशी खांद्यावर घेत म्हणतो. “माझी पाळी आठ तासांत सुटते. तिची सुटतच नाही.”

पिंप भरल्यावर तो भिंतीकडे तोंड करतो. पोरं उठतात ती दबक्या पावलांनी.

आता 18 जानेवारी 1982 ला या. आदल्या दिवाळीला बोनसवरून भडका उडालाय. मान्यताप्राप्त युनियनवर कामगारांचा विश्वास उरलेला नाही. ते कामगार नेते दत्ता सामंतांच्या दारात जाऊन बसलेत, आणि आजपासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर आहेत. त्याच्या कानात सांगावंसं वाटेल तुम्हाला, की हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच जाणार नाही. सांगून उपयोग नाही. “महिना-दोन महिन्यांत मिटेल,” असं तोच बायकोला सांगतोय.

घरात मात्र एक नवल घडलंय. बाबा जागे आहेत. दिवसाढवळ्या. पोरं पहिल्यांदा गोंधळतात, मग चिकटतात. सकाळी आई खानावळीच्या डब्यांत गुंतलेली, म्हणून थोरलीच्या वेण्या तो घालतो. तुटलेल्या ताण्याची गाठ नजर न लावता मारणारी बोटं ती. तीन पेड झरझर गुंफले जातात, रिबिनीचं फूल जरा वाकडं होतं. थोरली शाळेत तशीच जाते, नीट करत नाही. घरातली भांडी एकेक करून मोडीत चाललीत. मंगळसूत्रातले सोन्याचे मणी गेलेत. आणि पोरांच्या आठवणीत हीच वर्षं बाबांची म्हणून राहणार आहेत. त्याला हे कुणी सांगितलं तर तो खाली मान घालील.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. त्याला कामावर परत घेतलं जात नाही. भाजी विकून होते, गावी जाऊन भातलावणी होते. मग एका इमारतीत वॉचमन. रात्रीची ड्यूटी, म्हणजे दिवसा पुन्हा तीच भिंत. परळच्या गिरण्यांच्या जागी मॉल येतात, काचेच्या इमारती येतात. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज निघतात. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा मागतात. त्याने गिरणीचा लाल पास ट्रंकेत जपून ठेवलेला असतो. लॉटरीत नंबर लागायची वाट बघणं, हेही मग एक काम होतं.

एवढं बघून परतायच्या आधी जून 1983 मध्ये थोडं थांबा. धाकट्याला शाळेत घालायला तो आलाय. इस्त्रीचा सदरा घातलाय. कारकून मान वर न करता विचारतो, “वडिलांचा धंदा?”

गिरणी कामगार असं लिहून घेतलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. संप अजून चालूच होता. पण तो टेबलावर हात टेकवून म्हणतो, “दीड वर्ष घर पोराची आई चालवतेय. खानावळ आहे तिची. ते लिहा.”

“तसा रकाना नाही,” कारकून म्हणतो.

“मग बाजूला लिहा. मी थांबतो.”

मागे पालकांची रांग चुळबुळते. तो जागचा हलत नाही. शेवटी कारकून समासात बारीक अक्षरात लिहितो. तो वाकून वाचतो, बरोबर लिहिलंय याची खात्री करतो आणि मगच सही करतो.