परवलीचा शब्द आणि सामान्य माणूस

गडाच्या दरवाज्यावर रात्री पहारेकऱ्याने हटकले म्हणजे येणाऱ्याने ठरलेला शब्द सांगावा आणि मगच दिंडी उघडावी, ही रीत आपल्या परिचयाची आहे. त्या शब्दाला आपण परवलीचा शब्द म्हणत आलो. संगणकाच्या युगात हाच शब्द छावणी सोडून घरोघर आला. निवृत्त कारकुनाचे पेन्शन, किराणा दुकानदाराचा हिशेब, परगावी राहणाऱ्या मुलीची पत्रे व छायाचित्रे, हे सारे आता अशा एखाद्या शब्दामागे कुलूपबंद असते. मात्र गडावर परवल सांभाळावयाला किल्लेदार असे. घरात तो कोणी नेमून दिलेला नाही. ज्याचे घर तोच त्याचा पहारेकरी. म्हणून या कुलपाचा इतिहास पाहणे ही केवळ जिज्ञासेची बाब नव्हे. ते कोणी घडविले, सामान्य माणसाला ते फुकट कसे मिळू लागले, आणि उत्तम कुलूप फुकट मिळत असताही घरे का लुटली जातात, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही येथे क्रमाने करणार आहोत.

संगणकावरील पासवर्डाचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला असे मानतात. १९६१ साली तेथे फर्नांडो कोर्बातो व त्यांचे सहकारी यांनी एकच मोठे यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरावे अशी योजना प्रथम चालवून दाखविली. यंत्र एक, वापरणारे अनेक. तेव्हा प्रत्येकाची खोली वेगळी ठेवावयाची तर दाराला कडी हवीच. ती कडी म्हणजे पासवर्ड. पण कडी बसून वर्ष होते न होते तोच ती निघाली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला यंत्राचा जो वेळ ठरवून दिलेला होता तो पुरेना. १९६२ च्या वसंतात त्याने छिद्रांकित पत्र्यावरून यंत्रालाच हुकूम दिला की, पासवर्डांची यादी छापून काढ. यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली! पुढे १९६६ साली तर याहून मौज झाली. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायली दुरुस्त करीत होते. त्यांची अदलाबदल झाली आणि स्वागताच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड येणाऱ्या प्रत्येकाच्या समोर उमटू लागले.

या दोन्ही प्रसंगांत कोणी कुलूप फोडले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. किल्ल्यांचा जुडगाच एका खुंटीवर टांगलेला होता. त्यावर तोड निघाली ती अशी: यंत्राने मूळ शब्द मुळी जवळ ठेवूच नये, त्याचे गणिताने असे पीठ करून ठेवावे की, पिठावरून पुन्हा दाणा करता येऊ नये. वापरणारा आला की त्याने सांगितलेला शब्द पुन्हा दळावा आणि पिठाशी पीठ ताडून पाहावे. युनिक्स या प्रणालीत ही पद्धत अधिक पक्की करणारे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासल्याचे नमूद आहे. त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, अगदी तोकडे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. हे सर्व संगणक जाणणारे लोक होते, अडाणी नव्हेत. जाते कितीही बारीक दळो, दाणाच ओळखीचा असेल तर चोराला पीठ पाहून तो ओळखता येतो. कारण तोही घरी बसून शब्दकोशातला एकेक शब्द दळून पाहू शकतो.

इतिहासाला कधी कधी नाटककाराची दृष्टी असते. याच मॉरिस यांचा मुलगा, कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस, याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक आपोआप पसरणारा प्रोग्राम सोडला. तो ज्या वाटांनी शिरे त्यांतील एक वाट म्हणजे सोपे पासवर्ड ओळखण्याची. बापाने ज्या दुबळेपणाची मोजदाद केली होती त्याच दुबळेपणातून लेकाचा किडा आत गेला. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे साठ हजार संगणक होते असा अंदाज आहे. त्यांपैकी सहा हजारांच्या आसपास ठप्प झाले असे म्हणतात. मुलाला शिक्षा झाली. या गोंधळातून एक चांगली गोष्टही निपजली. अशा संकटाची खबर घेणारे व उपाय कळविणारे एक पथक त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात उभे राहिले. त्याच नमुन्यावर पुढे देशोदेशी पथके झाली; भारताचे ‘सर्ट-इन’ २००४ पासून काम करीत आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. दाराची कडी ही एक गोष्ट. वाटेवरून जाणारे पत्र कोणी फोडू नये ही दुसरी. गुप्तलेखन हा प्राचीन काळापासून राजांचा व सेनापतींचा विषय होता. १९७६ साली डिफी व हेलमन यांनी पूर्वी न भेटलेल्या दोन माणसांनाही उघड्या वाटेवर गुप्त बोलता येईल अशी युक्ती प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर व एडलमन यांनी तिला व्यवहारात चालेल असे रूप दिले. तरीही ही विद्या सामान्यांच्या हाती आली नव्हती. १९९१ साली फिलिप झिमरमन यांनी ‘पीजीपी’ नावाचा प्रोग्राम लिहून फुकट वाटला. घरच्या संगणकावर कोणाही माणसाने आपले पत्र बंद करावे, एवढाच त्याचा हेतू. पण अमेरिकन कायद्याने बळकट गुप्तलेखनाची गणना युद्धसाहित्यात होत असे. प्रोग्राम इंटरनेटवरून देशाबाहेर गेला, तेव्हा झिमरमन यांच्यामागे १९९३ पासून चौकशी लागली. त्यांनी प्रोग्रामची सारी संहिता पुस्तकरूपाने छापविली. कारण तोफ बाहेर पाठविण्यास मनाई असली तरी पुस्तक पाठविण्यास नव्हती! १९९६ च्या जानेवारीत चौकशी बंद झाली. खटला भरलाच गेला नाही. आज आपण फोनवर जे निरोप पाठवितो ते बहुधा बंद पाकिटातून जातात. ती सोय कोणा बादशहाने इनाम दिलेली नाही. एका माणसाने तीन वर्षे तुरुंगाची टांगती तलवार सोसली, तोही या सोयीच्या इतिहासाचाच भाग आहे.

संकेतस्थळांची गोष्टही अशीच आहे. नेटस्केप कंपनीने १९९५ साली ब्राउझर आणि संकेतस्थळ यांमधील संभाषण झाकण्याची व्यवस्था बाजारात आणली. परंतु त्यासाठी लागणारा दाखला विकत घ्यावा लागे, आणि बसवावयासही खटाटोप फार. बँका व मोठ्या पेढ्या तो घेत. लहान दुकान, शाळा, ग्रंथालय यांची पत्रे उघडीच जात. २०१५ साली ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सार्वजनिक हिताच्या संस्थेने हे दाखले फुकट आणि आपोआप देण्यास सुरुवात केली. २०१७ च्या आरंभी फायरफॉक्स ब्राउझरमधून उघडणाऱ्या पानांपैकी निम्मी पाने झाकलेल्या वाटेने येऊ लागली होती. मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. वाट झाकलेली आहे याचा अर्थ पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे असा नव्हे. दाखला फुकट झाला तो साधूला झाला तसा भामट्यालाही झाला. म्हणून कुलपाची खूण पाहून थांबू नये. पत्ता अक्षरशः वाचावा, आणि बँकेचा पत्ता आलेल्या संदेशातून न उघडता आपल्या हाताने लिहावा.

फुकट म्हटले की बेवारशी, असा एक समज आहे. तो महागात पडतो. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या ‘ओपनएसएसएल’ या फुकट साधनावर विसंबून होती, त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचे छिद्र असल्याचे एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आले. ते दोन वर्षे तेथे होते. मग लोकांनी चौकशी केली, तेव्हा कळले की एवढ्या साऱ्या व्यापाराचा भार वाहणाऱ्या त्या साधनाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलरच देणगी मिळे आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एखादाच होता. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, याहून धूर्त प्रकार घडला. ‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे साधन एक थकलेला स्वयंसेवक सांभाळीत होता. मदतनीस म्हणून आलेल्या कोणी अज्ञाताने दोन वर्षे त्याचा विश्वास संपादन केला आणि मग त्यात चोरवाट खोदली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. तो मागे लागला म्हणून अनर्थ टळला. गावची विहीर सर्वांची असते, पण गाळ कोणी तरी काढावा लागतो. फुकट साधन वापरणाऱ्याने ते मूळ कर्त्याच्याच ठिकाणाहून घ्यावे, भलत्या वाटेने आलेली नक्कल घेऊ नये, आणि ऐपतीप्रमाणे त्याच्या राखणदाराला चार पैसे द्यावेत, हे या कथेचे सार.

फुकट मिळालेले औषध घेतले नाही तर काय होते, हे २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. विंडोज प्रणालीतील एका छिद्रावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी दिली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ त्याच छिद्रातून आला आणि दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक त्याने ओलीस धरले. मधले दोन महिने दुरुस्ती दाराशी पडून होती. पुढे जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आला. त्याने याच छिद्राबरोबर चोरलेल्या पासवर्डांचाही उपयोग केला, आणि आमच्या न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम अडले. युक्रेनमध्ये लागलेल्या आगीची झळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागली ती अशी. संगणक वा फोन ‘अद्ययावत करू का?’ असे विचारतो, तेव्हा आपण ‘उद्या’ म्हणतो. त्या उद्याची किंमत एवढी असू शकते. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या तबकडीवर काढून ती संगणकापासून सुटी ठेवावी, म्हणजे ओलीस धरणाऱ्याला हात हलवीत परत जावे लागेल.

पासवर्डासंबंधीचे शास्त्रही या काळात बदलले. एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह, आणि दर तीन महिन्यांनी नवा शब्द, हा दंडक अनेक वर्षे कचेऱ्यांत चालला. लोक कंटाळून शेवटी फक्त एक आकडा वाढवीत. अमेरिकेच्या मानकसंस्थेने २०१७ साली हा उपदेश मागे घेतला. आताचे मत असे की, शब्द लांब असावा, तो पूर्वी चोरीस गेलेल्या शब्दांच्या यादीत नसावा, आणि कारणावाचून बदलू नये. तांब्या, बोगदा, चिंच, पंचांग अशा परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांची माळ लक्षातही राहते आणि ओळखावयासही कठीण जाते. प्रत्येक दाराला वेगळी किल्ली हवी, आणि एवढ्या किल्ल्या डोक्यात मावत नाहीत. त्यासाठी २००३ पासून मिळणाऱ्या ‘कीपास’सारख्या फुकट पेट्या आहेत; एका पक्क्या शब्दाने पेटी उघडावी, बाकीचे तिने सांभाळावे. आपला ई-मेल कोठल्या चोरीत गेला आहे का, हे ट्रॉय हंट यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या स्थळावर फुकट पाहता येते. आणि बँक व ई-मेल यांना दुसरी कडी, म्हणजे फोनवरचा क्षणोक्षणी बदलणारा आकडा, अवश्य लावावी.

एवढे असूनही लूट का होते? उत्तर आमच्याच इतिहासात आहे. औरंगजेब अखेरच्या वर्षांत सह्याद्रीतील गडांमागे लागला, तेव्हा त्याला हल्ला करून घेता आलेला गड म्हणजे १७०४ सालचा तोरणा, असे इतिहासकार सांगतात. बाकीचे बहुतेक पैशाने व बोलाचालीने हाती आले. बुरूज ढासळला नव्हता. दरवाजा आतून उघडला होता. आजचा भामटाही बुरुजाला शिडी लावीत नाही. तो पोलिसाचा गणवेष घालून पडद्यावर येतो, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे म्हणतो, ‘डिजिटल अटक’ झाली असे सांगून तासन्‌तास खुर्चीवरून हलू देत नाही, आणि आयुष्याची पुंजी आमच्याच हातांनी पाठवावयाला लावतो. अशी अटक भारतीय कायद्यात नाही. भय, लोभ आणि घाई हे त्याचे तीन फितूर आमच्याच मनात राहतात. त्यांच्यावर कोणताही प्रोग्राम पहारा ठेवू शकत नाही. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता पहिल्या घटकांतच अधिक असते.

कुलूप घडविणाऱ्यांनी आपले काम केले. बहुतेकांनी त्याचे मोलही घेतले नाही. त्यांचे ऋण फेडण्याची रीत सोपी आहे. ज्येष्ठांच्या फोनवर दुसरी कडी लावून द्यावी, त्यांच्या संगणकाची दुरुस्ती करून द्यावी, आणि ‘अशा फोनला घाबरू नका, आधी आम्हांला विचारा’ एवढे त्यांना निक्षून सांगावे. घरातील एकाने दुसऱ्याला विचारावे आणि विचारणाऱ्याला कोणी हसू नये, हा रिवाज ज्या घरात आहे त्या घरात फितुरीला जागा राहत नाही.