डोलकाठीचा बाक : अमात्यांच्या आज्ञापत्रापासून कार्बन फायबरपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/
आरमाराचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे तोफा, जलदुर्ग आणि लढाया उभ्या राहतात. डोलकाठीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक शिडाने धरलेला वाऱ्याचा जोर जहाजापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः या काठीतूनच. ती वाकली आणि वाकडीच राहिली तर? या प्रश्नाच्या मागोमाग आज आपण मराठा आरमारापासून ऑलिम्पिकच्या डिंगीपर्यंत जाऊ.

२/
प्रथम एक भेद लक्षात घ्यावा. वाकणे हा डोलकाठीचा दोष नव्हे. वाऱ्याचा झोत आला की तिने लवावे, शिडाचा फुगवटा उतरावा आणि झोत ओसरताच तिने पुन्हा सरळ व्हावे, अशीच अपेक्षा असते. दोष आहे तो भार उतरल्यावरही मागे उरणारा बाक. शीड ठरावीक बाकासाठी बेतलेले असते. काठी कायमची वाकली की शिडाचा आकार बिघडतो. बाक एका अंगाला असेल तर नौका डाव्या आणि उजव्या वाऱ्यावर सारखी चालत नाही.

३/
शस्त्रविद्येत हाच अनुभव जुना आहे. आमच्या शिवाजी पेठेत मर्दानी खेळांची परंपरा आजही जिवंत आहे. तिथे लाठी निवडताना ती सरळ आणि लवचीक आहे ना, हे आधी पाहतात. धनुर्धारी काम संपताच धनुष्याची दोरी उतरवून ठेवत, कारण सतत ताणलेले लाकूड हळूहळू त्याच आकाराला सरावते आणि त्याची उसळी मंदावते. डोलकाठीचेही तसेच आहे. क्षणभराचा मोठा भार ती सोसते. दीर्घकाळ राहिलेला मध्यम भार मात्र तिच्या अंगात मुरतो.

४/
आता मूळ साधनाकडे वळू. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांचे 'आज्ञापत्र' साधारण इ.स. १७१५-१६ च्या सुमाराचे मानले जाते. ते करवीर छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकीर्दीतले, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या गादीशी थेट जोडलेले आहे. अमात्यांचे बावडा घाटमाथ्यावर. खाली उतरले की कोकण. अशा माणसाच्या राजनीतीच्या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण असावे, यात नवल नाही.

५/
या प्रकरणात आरमाराला लागणाऱ्या मोठ्या लाकडाची मोजदाद येते आणि तख्ते, सोट यांच्या जोडीला डोलकाठ्यांचाही उल्लेख होतो. राज्यातील अरण्यांत सागवानासारखे वृक्ष आहेत. त्यांतले सोयीचे पडेल ते हुजूरची परवानगी घेऊन तोडावे, आणि याखेरीज जे लागेल ते परमुलखातून खरेदी करून आणावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे.

६/
डोलकाठीसाठी वेगळे लाकूड का शोधावे लागे? फळी जोडता येते. जहाजाच्या वाक्याला उलट वाकडेच लाकूड हवे असते. डोलकाठीला मात्र उंच, सरळ धाग्याचे, गाठी कमी असलेले आणि वजनाने बेताचे खोड लागते. धागा तिरका असला किंवा लाकूड पुरते वाळलेले नसले तर भाराखाली ते एका बाजूला बसत जाते. सागवान टिकाऊ खरे, पण जड. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर डोलकाठ्यांसाठी 'पून' या झाडाला विशेष मागणी असे. कोकणातल्या उंडीच्याच जातकुळीतला हा उंच वृक्ष कानडा-मलबारकडच्या सदाहरित अरण्यांत वाढतो. 'परमुलखातून खरेदी' या शब्दांमागे निसर्गाचा हा नकाशाही असावा, असे मला वाटते.

७/
गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, असेही आज्ञापत्र सांगते. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी अवजड जहाजे बांधू नयेत, हा तिथला मुख्य विचार. त्याचा एक परिणाम डोलकाठीवरही होतो. जहाज मध्यम असेल तर काठी आखूड चालते. तसे खोड मिळणे सोपे आणि मोडल्यास बदलणेही सोपे.

८/
सर्वांत मोलाचा भाग याच्या पुढचा. आंबा, फणस यांची लाकडेही आरमाराच्या कामाची आहेत, पण त्यांना हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती बळाने तोडली तर तिच्या दुःखाला पार उरणार नाही. एखादे झाड फारच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. आरमाराची निकड मान्य करूनही इथे राज्य स्वतःच्याच हाताला मर्यादा घालते.

९/
त्याच काळातले इंग्लंड पाहा. १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेने, खासगी मालकीत न दिलेल्या जमिनीवरची २४ इंच व त्याहून अधिक व्यासाची झाडे राजाच्या आरमारासाठी राखून ठेवली. निवडलेल्या पाइन वृक्षांवर बाणाची खूण कोरली जाई. पुढे कायदे कडक होत गेले. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये याच झाडांवरून लोकांनी अधिकाऱ्यांना मारहाण केली. सरळ खोडाची गरज दोन्ही राज्यांना होती; ती भागवताना प्रजेशी कसे वागावे, याची उत्तरे मात्र निराळी निघाली.

१०/
कोकणात पावसाळ्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारण्याची आणि शीड, डोलकाठी उतरवून ठेवण्याची पद्धत आहे. तिचा एक लाभ सहज नजरेआड होतो. ओल आणि ताण एकत्र आले की लाकडात कायमचा बाक लवकर येतो. उतरवलेल्या काठीवरचा ताण निघून गेलेला असतो.

११/
कोल्हापूरचा समुद्राशी असलेला हा संबंध फार काळ टिकला नाही. १७६५ मध्ये, जिजाबाई राणीसाहेबांच्या अमदानीत, इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढल्याच वर्षी तो परत मिळाला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे गेले.

१२/
आता वर्तमानात येऊ. इंग्रजीतला 'डिंगी' हा शब्द मुळात आपल्याकडचाच; इथल्या लहान होडीचे नाव जगभर गेले. ब्रूस कर्बी यांनी रेखाटलेली 'लेझर' डिंगी १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. मुंबईच्या लष्करी नौकानयन केंद्रात घडलेले विष्णू सरवणन टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकांत याच वर्गात उतरले. या नौकेच्या डोलकाठीचा वरचा भाग पूर्वी अॅल्युमिनियमचा असे. जोराच्या वाऱ्यात त्याला कायमचा बाक येणे ही जगभरच्या खलाशांची नित्याची तक्रार होती.

१३/
मग कार्बन फायबरने प्रश्न सुटला का? पूर्णपणे नाही. कार्बनचा तंतू स्वतः जवळजवळ पूर्ण लवचीक असतो. भार गेला की मूळ लांबीवर येतो. पण तंतूंना धरून ठेवते ते राळेसारखे इपॉक्सी, आणि ते उष्णतेने मऊ पडते. साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या अनेक इपॉक्सींत ही सीमा ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आपल्या उन्हात काळी काठी तिथवर सहज तापते. त्यातच शीड ताणलेले असेल, किंवा काठी दोनच टेकूंवर आडवी ठेवलेली असेल, तर इपॉक्सी हळूहळू सरकते आणि गार झाल्यावर तोच आकार धरून बसते. तिरके तंतू अधिक आणि लांबीच्या दिशेचे कमी असतील तिथे हा दोष अधिक जाणवतो.

१४/
उपायही ओळखीचे वाटतील. कारखान्यात काठी भट्टीत पुन्हा तापवून इपॉक्सी पक्के करणे. किनाऱ्यावर येताच दोर सैल सोडणे. काठी सावलीत, अनेक टेकूंवर ठेवणे. काळ्या रंगाऐवजी पांढरा देणे. पहिला आणि शेवटचा उपाय सोडला तर धनुष्याची दोरी उतरवणाऱ्या योद्ध्याला आणि डोलकाठी उतरवणाऱ्या कोकणी तांडेलाला यात नवे काही सांगण्यासारखे नव्हते.

१५/
साहित्य बदलले तसा प्रश्नाचा पत्ताही बदलला. लाकडाच्या काळी तो अरण्यात आणि रयतेच्या परसात होता. आज तो इपॉक्सीच्या रसायनात आहे. म्हणूनच आज्ञापत्रातले आरमाराचे प्रकरण केवळ 'आपल्याकडेही आरमार होते' या अभिमानापोटी वाचू नये. एका सरळ काठीची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याने विचारला आणि रयतेच्या बाजूने उत्तर लिहून ठेवले, हे त्यातले खरे संचित आहे.

१६/
प्रकरण छोटे आहे, अर्ध्या तासात वाचून होते. मित्रहो, जरूर वाचा; आणि त्यातला लाकडाचा परिच्छेद सावकाश, दोनदा वाचा.